सत्तांतर, हिजरत आणि राहण्याचा प्रश्न : एका धर्मविचाराची चिकित्सा (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : हिजरत, दारुल इस्लाम, दारुल हर्ब, फतवा, सत्तांतर, मराठवाडा

प्रस्तावना

राज्य गेल्यानंतर त्या राज्याशी ज्यांचे धर्मबंधुत्व होते त्या सामान्य माणसांनी काय करावे, हा प्रश्न इतिहासात अनेक समाजांपुढे उभा राहिला आहे. मुस्लिम समाजात या प्रश्नाला धर्मशास्त्राची एक स्वतंत्र परिभाषा लाभली. ‘दारुल इस्लाम’, ‘दारुल हर्ब’ आणि ‘हिजरत’ या त्या परिभाषेतील मुख्य संज्ञा होत. मराठीतील वैचारिक लेखनात या संज्ञांचा उल्लेख वारंवार होतो. परंतु तो बहुधा एखाद्या निर्विवाद सिद्धांतासारखा होतो. मुस्लिमेतर सत्तेखाली राहणे मुसलमानास निषिद्ध आहे, त्याने एक तर लढावे किंवा देश सोडावा, असा त्या सिद्धांताचा सारांश सांगितला जातो आणि त्यावरून आजच्या मुस्लिम मनाविषयी अनुमाने काढली जातात.

पदवी वर्गात हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले होते, “सर, निजाम गेल्यावर ते इथे राहिले कशाला?” प्रश्नात द्वेष नव्हता, निव्वळ कुतूहल होते. तथापि प्रश्नाची रचनाच अशी होती की जाणे स्वाभाविक आणि राहणे हे स्पष्टीकरण मागणारे ठरत होते. ही रचना कोठून आली आणि ती शास्त्राच्या व इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. संकल्पनेतील मतभेद

हिजरत म्हणजे स्थलांतर. इ. स. ६२२ मध्ये पैगंबरांनी मक्का सोडून मदिनेस प्रयाण केले. पुढे खलिफा उमर यांच्या काळात याच घटनेपासून हिजरी कालगणना मोजण्यास प्रारंभ झाला. मात्र त्यापूर्वीच, मक्केतील छळाला कंटाळून काही अनुयायी ॲबिसिनियात गेले होते. तेथील राजा ख्रिस्ती होता. म्हणजेच इस्लामच्या इतिहासातील पहिले सामूहिक स्थलांतर हे मुस्लिमेतर सत्तेच्या आश्रयास गेलेल्यांचे होते. हिजरतीच्या मूळ कल्पनेत राज्यापेक्षा अभयाला महत्त्व होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

छळ होत असताना समर्थ माणसाने तेथेच राहू नये, परमेश्वराची भूमी विशाल आहे, या आशयाचा आदेश कुराणाच्या चौथ्या अध्यायात आहे. त्याच ठिकाणी दुर्बलांना, स्त्रियांना व मुलांना सवलतही आहे. मक्काविजयानंतर हिजरत उरली नाही, या आशयाचे पैगंबरवचन प्रसिद्ध आहे. तर पश्चात्तापाचे दार बंद होईतो हिजरत थांबणार नाही, या आशयाचे दुसरे वचनही परंपरेत आढळते. शास्त्रकारांचे मतभेद या दोन वचनांच्या मधल्या जागेत वाढले.

हनफी पंथाचे प्रवर्तक इमाम अबू हनिफा यांच्या मते इस्लामी प्रदेश ‘दारुल हर्ब’ होण्यास तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात : परकीय कायद्याचा अंमल, शत्रुप्रदेशाशी सलगता आणि पूर्वीच्या अभयाचा संपूर्ण लोप. त्यांचेच शिष्य अबू युसुफ व मुहम्मद अल-शैबानी यांनी मात्र पहिली अट पुरेशी मानली. शाफई पंथातील अल-मावर्दी यांनी तर असे प्रतिपादन केले की, जेथे मुसलमानास आपला धर्म उघडपणे पाळता येतो तेथून जाण्यापेक्षा तेथे राहणे श्रेयस्कर होय. सोळाव्या शतकात कैरोतील शाफई पंडित अल-रमली यांनी स्पेनमधील अरागॉनच्या मुसलमानांविषयी याच दिशेने निर्णय दिला. याउलट मालिकी पंथातील अल-वन्शरिसी यांनी १४९१ मध्ये, म्हणजे ग्रानाडाच्या पाडावाच्या उंबरठ्यावर, ख्रिस्ती सत्तेखालील प्रदेशातून निघून जाणे बंधनकारक ठरविले. मार्बेला येथील एका गृहस्थाने, मागे राहिलेल्या असहाय मुसलमानांच्या वतीने ख्रिस्ती अधिकाऱ्यांशी बोलण्यासाठी आपण थांबावे काय, असे विचारले होते. त्यालाही राहण्याची परवानगी नाकारण्यात आली. अल-वन्शरिसी स्वतः फेज येथे, मुस्लिम सुलतानाच्या राज्यात राहत होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा मतभेद केवळ ग्रंथगत नाही. कोकणातील मुस्लिम समाज परंपरेने शाफई, तर देशावरील व मराठवाड्यातील बहुसंख्य समाज हनफी आहे. पश्चिम किनाऱ्यावरील शाफई समाजाला मुस्लिमेतर राजांच्या छत्राखाली शतकानुशतके व्यापार व धर्माचरण करण्याचा अनुभव होता. मलबारचे शैख जैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांविरुद्ध लढण्याचे आवाहन करणारा ‘तुहफतुल मुजाहिदीन’ हा ग्रंथ विजापूरच्या अली आदिलशहास अर्पण केला. त्याच ग्रंथात मलबारच्या हिंदू राजांनी मुसलमानांना दिलेल्या सन्मानाची नोंदही केली. शत्रू कोण हे त्यांनी धर्मभेदावरून नव्हे, तर आचरणावरून ठरविले, असाच याचा अर्थ होतो.

२. दख्खन, दिल्ली आणि १८०३ चा फतवा

हिंदुस्थानातील या चर्चेचा आरंभ साधारणतः १८०३ पासून मानण्यात येतो. परंतु दख्खनच्या भूमीवर सत्तांतराचा प्रश्न त्यापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षे उभा राहिला होता. सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले ते औरंगजेबाच्या हाती. म्हणून तेथे धर्मशास्त्रीय पेच निर्माण झाला नाही. पन्हाळा-करवीरसारखा पूर्वीचा आदिलशाही मुलूख मात्र मराठी राज्याचा भाग झाला. या राज्यात काझी-मुलाण्यांची वतने आणि मशिदी-दर्ग्यांची इनामे सामान्यतः चालू राहिली. अबू हनिफांची तिसरी अट, म्हणजे पूर्वीच्या अभयाचा लोप, येथे पूर्ण होत नव्हती. कोल्हापूर परिसरातील मुस्लिम वस्ती टिकून राहण्यामागे कोणी हा शास्त्रार्थ केला होता असे म्हणावयाचे नाही. वतन, शेत, कबर आणि शेजार यांचे बंध शास्त्रार्थाची वाट पाहत नाहीत, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.

दिल्लीतही हेच दिसते. १७८४ मध्ये महादजी शिंदे यांनी शाह आलमकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळविले आणि मधल्या खंडाचा अपवाद वगळता १८०३ पर्यंत बादशहा शिंद्यांच्या आश्रयास होता. सप्टेंबर १८०३ मध्ये लॉर्ड लेकने शिंद्यांच्या सैन्याचा पराभव करून दिल्ली घेतली, त्यानंतर शाह अब्दुल अजीज (१७४६-१८२४) यांचा सुप्रसिद्ध फतवा आला. दिल्लीपासून कलकत्त्यापर्यंत ख्रिस्ती अधिकाऱ्यांचा हुकूम चालतो, मुस्लिम इमामाचा चालत नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. शाह अब्दुल अजीज यांचे पिता शाह वलीउल्लाह यांनी मराठ्यांविरुद्ध अहमदशाह अब्दालीस पाचारण केले होते, हे सर्वज्ञात आहे. असे असूनही मराठ्यांच्या वर्चस्वाच्या काळात नव्हे, तर इंग्रजी अंमलानंतर ‘दारुल हर्ब’ ही संज्ञा निर्णायकपणे वापरली गेली. न्याय, महसूल व दंड यांची सारी यंत्रणाच नव्या सत्तेने आपल्या हाती घेतली, हे त्याचे कारण दिसते. म्हणजे वादाचा केंद्रबिंदू राज्यकर्त्याचा धर्म एवढाच नव्हता, तर कायद्याचे स्वामित्व हा होता.

या फतव्यात हिजरतीचा आदेश नाही. शाह अब्दुल अजीज स्वतः मृत्यूपर्यंत दिल्लीतच राहिले. त्यांनी इंग्रजी शिकण्यास आणि धर्मबाह्य कृत्य करावे लागत नसेल तर कंपनीची नोकरी पत्करण्यासही अनुमती दिली. मुशीरुल हक यांच्यासारख्या अभ्यासकांनी तर या फतव्यांचा संबंध व्याजाच्या देवघेवीसारख्या व्यावहारिक प्रश्नांशी जोडला आहे. दुसरीकडे, त्यांचेच शिष्य सय्यद अहमद बरेलवी यांनी १८२६ मध्ये रायबरेली सोडून वायव्य सरहद्दीकडे हिजरत केली आणि ६ मे १८३१ रोजी बालाकोट येथे शिखांशी लढताना ते मारले गेले. एकाच गुरुपरंपरेतून राहणे आणि जाणे असे दोन्ही निर्णय निघाले.

१८५७ नंतर हाजी इमदादुल्लाह व रहमतुल्लाह कैरानवी यांच्यासारखे विद्वान मक्केस गेले. हाजी इमदादुल्लाह यांना गुरुस्थानी मानणाऱ्या मंडळींनीच १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा स्थापन केला. राज्य नसतानाही धर्म कसा टिकवावा, याचे ते उत्तर होते. १८७० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन लिटररी सोसायटीत करामत अली जौनपुरी यांनी ब्रिटिश हिंदुस्थान हा दारुल इस्लामच असल्याचे मत मांडले. विल्यम हंटर यांचे हिंदी मुसलमानांच्या राजनिष्ठेवरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि सर सय्यद अहमद खान यांनी त्याचा प्रतिवाद केला. येथून पुढे एक नवी गोष्ट घडली. मुसलमानांचा अंतर्गत शास्त्रार्थ हा राज्यकर्त्यांच्या दृष्टीने निष्ठेची परीक्षा बनला. वर्गातील त्या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास ते फतव्यापेक्षा या परीक्षेत अधिक सापडते.

३. १९२० : आदेश आणि अनुभव

हिजरतीचा विचार हिंदुस्थानात प्रत्यक्ष सामूहिक कृतीत उतरला तो १९२० मध्ये. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानचा पराभव झाला होता, खिलाफतीचे भवितव्य धोक्यात होते आणि अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्लाह यांनी हिंदी मुसलमानांचे स्वागत करण्याची तयारी दर्शविली होती. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी जुलै १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या फतव्यात हिजरत हे धार्मिक कर्तव्य ठरविले. फिरंगी महलचे मौलाना अब्दुल बारी यांनी मात्र तिला अनिवार्य न मानता ऐच्छिक मानले.

सरहद्द प्रांतातून आणि त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधून हजारो कुटुंबे निघाली. अभ्यासकांचे अंदाज १८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत जातात. शेतकऱ्यांनी जमिनी व गुरे मिळेल त्या किमतीला विकली. ऑगस्टमध्ये अमिरांनी आणखी लोक घेण्यास नकार दिला. परतीच्या वाटेवर उपासमार, उन्हाळा व रोगराई यांनी अनेकांचा बळी घेतला. परतलेल्यांपैकी पुष्कळांची भूमी दुसऱ्याच्या नावे झालेली होती. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कस्ताननेच खिलाफत रद्द केली.

या घटनेचे दोन विशेष नोंदविले पाहिजेत. पहिला असा की, मध्यवर्ती खिलाफत समितीचे ठाणे मुंबईस होते, तिचे अध्यक्ष शेठ छोटानी मुंबईचे व्यापारी होते. परंतु मुंबई शहर, कोकण अथवा दख्खन येथून हिजरतीचा लोंढा निघाला नाही. आदेश साऱ्या देशासाठी होता. गेले ते मुख्यतः सरहद्दीजवळचे लोक. एकंदर सुमारे सात कोटी मुसलमानांमध्ये त्यांचे प्रमाण अत्यल्प होते. दुसरा विशेष असा की, आदेश देणारे आणि त्याची किंमत चुकविणारे हे दोन निराळे वर्ग होते. फेजमध्ये बसून मार्बेलाच्या माणसाला निघून जाण्यास सांगणारा पंडित आणि १९२० चे नेते यांच्यात चार शतकांचे अंतर आहे. पण पोथी एकाच्या हाती आणि गाठोडे दुसऱ्याच्या डोक्यावर, ही स्थिती बदललेली नाही.

स्वतः आझादांनी या अनुभवातून काय घेतले, हे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसते. त्यांचा जन्म मक्केत झाला होता; त्यांचे वडीलच हिंदुस्थान सोडून तेथे गेले होते. १९२० मध्ये हिजरतीचा फतवा देणारे हेच आझाद ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीत उभे राहून मुसलमानांना थांबण्याचे आवाहन करीत होते आणि भयापोटी चाललेल्या त्या निर्गमनाला हिजरतीचे पावित्र्य देण्यास नकार देत होते. मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्येच मदिनेच्या कराराचा आधार घेऊन, भिन्नधर्मीय लोक मिळून एक ‘कौम’ होऊ शकतात, असे प्रतिपादन केले होते. दारुल इस्लाम आणि दारुल हर्ब यांच्यापलीकडे कराराची भूमी अशी तिसरी शक्यता त्यांच्या विचारातून पुढे येते. प्रस्तुत लेखकाच्या मते स्वतंत्र भारतातील मुस्लिम नागरिकत्वाचा धार्मिक पाया समजून घेण्यासाठी हा विचार सर्वाधिक महत्त्वाचा आहे.

४. मराठवाडा : फतव्याविना स्थलांतर

१७२४ पासूनच्या आसफजाही राज्याचा शेवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी झाला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे त्या वेळचे मराठवाड्याचे पाच जिल्हे होत. येथील प्रश्न दिल्लीपेक्षा निराळा होता. मजलिसे इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेते बहादूर यार जंग यांनी मांडलेल्या ‘अनल मलिक’ या सिद्धांतानुसार राज्य निजामाचे नव्हते, तर प्रत्येक मुसलमान त्या सार्वभौमत्वाचा वाटेकरी होता. हा दावा शेतमजूर, विणकर, पिंजारी, मोमीन यांच्या प्रत्यक्ष जीवनाशी पूर्णतः विसंगत होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, निजामाचा पराभव हा ज्यांच्या वाट्याला राज्याचा कणही आला नव्हता त्यांचाही पराभव ठरला. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी हा दावा शस्त्राने गाजविला. त्यांच्या अत्याचारांमुळे हजारो हिंदू कुटुंबांनी सोलापूर, बार्शी, नगर, वऱ्हाड येथे आश्रय घेतला. तर शेजारच्या प्रांतांतून भयभीत मुसलमान निजामाच्या राज्यात येत होते. एकाच सरहद्दीवर दोन्ही दिशांनी गाठोडी जात होती.

सप्टेंबर १९४८ नंतर दिशा बदलली. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा करून दिलेल्या अहवालात किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेले असावेत असा अंदाज केला. अत्यंत पीडित जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांचा समावेश केला. त्याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचविल्याच्या नोंदीही आहेत. हा अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांना उपलब्ध झाला तो २०१३ मध्ये, म्हणजे ६५ वर्षांनी.

या काळात जे गेले ते दोन प्रकारचे होते. उच्चपदस्थ अधिकारी, सुशिक्षित व धनिक यांपैकी काही पाकिस्तानात गेले. खेड्यांतील पुष्कळ कुटुंबे हैदराबाद शहराच्या आश्रयास गेली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, उर्दूचे राजभाषेचे स्थान गेले, नोकऱ्यांची रचना बदलली. या स्थलांतराचे स्पष्टीकरण देण्यासाठी फतव्याची आवश्यकता भासत नाही. जीविताचे भय आणि उपजीविकेचा लोप ही कारणे पुरेशी आहेत. धर्माची परिभाषा त्यावर नंतर चढली. १९५१ च्या जनगणनेत पाकिस्तानने ‘मुहाजिर’ ही वर्गवारी वापरली आणि भयाने झालेल्या निर्गमनाला हिजरतीचे तेज प्राप्त झाले. खुद्द रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर पाकिस्तानात निघून गेले. त्यांच्या नावे झालेल्या अत्याचारांचा आणि नंतरच्या सूडाचा भार मात्र मागे राहिलेल्यांनी वाहिला.

येथे एक वैचारिक योगायोग लक्षणीय आहे. इस्लामी राज्याची विसाव्या शतकातील सर्वांत सुसंगत मांडणी करणारे अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ मध्ये औरंगाबादेत झाला. ते १९३८ मध्ये पठाणकोटजवळच्या ‘दारुल इस्लाम’ या संस्थेत गेले आणि १९४७ मध्ये लाहोरला. सिद्धांत औरंगाबादेतून बाहेर पडला. औरंगाबादचे सामान्य मुसलमान मात्र बहुसंख्येने तेथेच राहिले.

आणखी एक मूलभूत फरक आहे. पैगंबरांच्या हिजरतीची परिणती इ. स. ६३० मध्ये मक्केस विजयी परतण्यात झाली. १९२० मधील लोकही हालअपेष्टांत का होईना, परत आले. १९४८ पासूनची परवाना पद्धती, १९५० चा निष्क्रांत मालमत्ता कायदा आणि नंतरची पारपत्रे यांनी परतीचा मार्गच बंद केला. आधुनिक राष्ट्र-राज्याने हिजरतीतील परतण्याची शक्यता काढून घेतली. मध्ययुगीन शास्त्रकारांच्या कोणत्याही मतात या स्थितीचा विचार नाही. म्हणून त्यांची वचने जशीच्या तशी या काळास लावणे अशास्त्रीय ठरते.

५. मराठी विचारविश्वातील मांडणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात (१९४०) दारुल हर्ब व हिजरत या संकल्पनांचा परामर्श घेतला आणि १९२० चे उदाहरण देऊन त्या केवळ पुस्तकी नाहीत हे दाखविले. त्यांचे हे निरीक्षण योग्यच होते. लोक खरोखर घरदार सोडून गेले होते. परंतु फाळणीच्या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी केलेली ती मांडणी आज संदर्भ सोडून उद्धृत केली जाते, तेव्हा न गेलेल्या कोट्यवधींचा पुरावा वगळला जातो. हमीद दलवाई यांनी समाजाला आत्मपरीक्षण करावयास लावले आणि गेलेल्या राज्याच्या स्मृतीत रमणाऱ्या वृत्तीवर निर्भयपणे प्रहार केला. नरहर कुरुंदकर यांनी निजामी राजवटीचे सरंजामी व धार्मिक स्वरूप उलगडून दाखविले. या दोघांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांच्या नंतरच्या लेखनात दोन दोष बळावले. एक, ग्रंथातील वचनावरून थेट समाजाच्या मनाचे निदान करणे. दुसरा त्याच्या उलट : धर्मविचाराला काही महत्त्वच नाही, सारे आर्थिक-राजकीय आहे, असे मानून हे मतभेद अभ्यासावयाचेच नाहीत. पहिल्यामुळे संशय वाढतो. दुसऱ्यामुळे त्या संशयाला उत्तर देण्याचे साधन हातचे जाते.

निष्कर्ष

१) मुस्लिमेतर सत्तेखाली राहण्याविषयी इस्लामी धर्मशास्त्रात एकमत नव्हते, निघून जाणे अनिवार्य, राहणे श्रेयस्कर आणि कराराने सहजीवन असे किमान तीन प्रवाह स्पष्ट दिसतात.

२) फतव्याचा अर्थ लावताना तो कोणी, कोठे राहून आणि कोणासाठी दिला, हे पाहणे आवश्यक आहे. शाह अब्दुल अजीज व आझाद यांचे आचरण हाही त्यांच्या मताचाच भाग मानला पाहिजे.

३) मराठवाड्यातील १९४८ नंतरचे स्थलांतर हे धर्माज्ञेपेक्षा भय व उपजीविकेचा नाश यांतून झाले. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरचा सूड या दोहोंची नोंद एकत्र ठेवल्याशिवाय त्याचा इतिहास पूर्ण होत नाही.

४) ‘हिजरत’ ही संज्ञा पुष्कळदा घटनेनंतर तिच्यावर आरोपित होते. जे राहिले त्यांच्या राहण्याला तितकीच प्रतिष्ठित संज्ञा मात्र कोणी दिली नाही.

कोल्हापूरच्या वाचकास ही अखेरची बाब उमगणे कठीण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये येथे मुस्लिम बोर्डिंगच्या कार्यास चालना दिली, तेव्हा हा समाज राहील की जाईल, असा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो शिकेल कसा, हा होता. वर्गातील त्या विद्यार्थ्यास त्या दिवशी प्रस्तुत लेखकाने सनावळ्यांचे उत्तर दिले. ते अपुरे होते. मराठवाड्यातील पिंजाऱ्याने किंवा मोमिनाने गाव का सोडले, हे विचारणे इतिहासाचे काम आहे. त्याने गाव का सोडले नाही, याचे स्पष्टीकरण त्याच्याकडे मागण्याचा अधिकार मात्र शेजाऱ्याला नाही. तो जेथे राहिला ते त्याचेच गाव होते.